पहिलं कॅबिंग मशीन: आधी चाकं घ्या, शाफ्ट मागनं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही चांदीच्या अंगठ्या-पेंडंट करता, खडे आजवर जयपूरहून तयार मागवत होता, आता हवा तो आकार आणि हवा तो रंग एकत्र मिळत नाही म्हणून कॅबोशॉन, म्हणजे पैलू न पाडता वरनं घुमटासारखे गुळगुळीत केलेले खडे, घरीच घासून पॉलिश करायचेत. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, मागं पडवी आहे, नळ आहे, बजेट चाळीस हजार. आणि तुमच्यासमोर पर्याय तीन: परदेशातनं सहा चाकांचं तयार मशीन, ऑनलाईन मिळणारं 8 इंची फ्लॅट लॅप, नाहीतर घरात पडून असलेल्या बेंच ग्रायंडरलाच डायमंडची चाकं लावायची.

माझं ऐकाल तर तिन्ही नको. तुम्ही कोल्हापुरात बसलाय की ओ, उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे, तिथं शाफ्ट टर्न करून देणारे कितीतरी लेथवाले आहेत. कॅबिंग मशीन म्हणजे शेवटी काय, एक सरळ शाफ्ट, दोन बेअरिंग, एक मोटर आणि पाणी. दगड घासतं ते चाक, मशीन नाही. म्हणून बजेटमधले निम्म्याहून जास्त पैसे चाकांत गेले पाहिजेत, बाकी सांगाडा इथंच बनवून घ्या.

तरी तुमच्या पर्यायांबद्दल बोलतो, नाहीतर म्हणाल उडवून लावलं.

बेंच ग्रायंडर पहिला बाद. आपल्याकडचे बहुतेक ग्रायंडर मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या आसपास फिरतात आणि 6 इंची कॅबिंगच्या चाकाला 1440 पुरतात, अमेरिकेत 1725 वर चालवतात कारण तिकडं वीज 60 हर्ट्झची. दुप्पट स्पीडला पाणी चाकावर थांबतच नाही, सगळं तुमच्या तोंडावर, दगड तापणार, मऊ रेझिन चाक फुगून त्याचं वाटोळं होणार. आणि मुख्य म्हणजे त्याची मोटर उघडी, दोन्ही चाकांच्या मधोमध, तिथं पाणी गेलं की करंट बॉडीला. विषय संपला.

सहा चाकांची परदेशी मशीनं, जिनी म्हणा कॅबकिंग म्हणा, चांगलीच आहेत, त्यात वाद नाही. 80 ग्रिटपासून (आकडा जितका मोठा तितका चाकाचा कण बारीक) सुरू करून एका बैठकीत चाक न बदलता शेवटपर्यंत जाता येतं हे सुख वेगळंच. पण भाडं-कस्टम धरून लाखाच्या पुढं जातं, वर 110 व्होल्टचं मॉडेल आलं तर ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, फ्रिक्वेन्सीचा नाही, साधी इंडक्शन मोटर असेल तर आपल्या 50 हर्ट्झवर हळू फिरणार आणि तापणार. रोज पंचवीस-तीस खडे काढायचे असतील तर विचार करा, पहिल्या वर्षी नको.

फ्लॅट लॅपबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला पाहिजे कारण सगळे तेच घेतात. आडवी फिरणारी चकती, वर पाणी ठिबकतं, ग्रिट बदलायचं की चकती बदलायची. फायदे खरे आहेत: जागा कमी, आवाज कमी, खड्याची पाठ एकदम सपाट निघते, चकत्या चाकांपेक्षा स्वस्त. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी तेच सांगेन. पण कॅबोशॉनचं सगळं सौंदर्य वरच्या घुमटात, आणि कडक सपाट चकतीवर घुमट काढताना हात जरा थांबला की तिथं पैलू पडतो, नवीन माणसाचे सुरुवातीचे खडे म्हणजे नुसते पैलूच पैलू. चकतीखाली फोमचं पॅड घातलं की बरंच सुधारतं. आणखी एक, चकतीच्या मधोमध स्पीड जवळजवळ शून्य, कडेला सगळ्यात जास्त, हे हाताला कळायला वेळ लागतो. घ्यायचंच झालं तर स्पीड कंट्रोलवालं घ्या. ऑनलाईन जी स्वस्तातली फिक्स 2800 ची येतात ती 8 इंची चकतीला फारच पळतात, पाण्याचा फवारा भिंतीपर्यंत जातो.

उभ्या चाकावर हेच काम सोपं का, तर चाक स्वतः गोल आणि 280 च्या पुढची रेझिनची चाकं मऊ असतात, आत फोम असतो, दगड टेकवला की चाकच घुमटाभोवती थोडं दबतं. हात शिकेपर्यंत चाक सांभाळून घेतं.

आता बनवायचं कसं. पहिलं काम, चाकं मागवा. हातात आल्याशिवाय लेथवाल्याकडं जाऊ नका. बहुतेक 6 इंची कॅबिंग चाकं दीड इंच रुंद आणि भोक 1 इंचाचं म्हणजे 25.4 मिमी असतं, आणि आपल्याकडं कुणालाही नुसतं शाफ्ट बनवा म्हटलं की तो 25 चा करून मोकळा होतो, मग चाक 0.4 मिमी ढिलं बसतं आणि आयुष्यभर हलत राहतं. चाक टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं ह्यात बसेल असा शाफ्ट दे. बेअरिंगपण त्याच मापाचं बघा, पेडेस्टलमध्ये यूसीपी 205 म्हणजे 25 मिमी, 1 इंचाचं वेगळं येतं, त्याच्या नंबरापुढं 16 असतं. शाफ्ट स्टेनलेसचा घ्या. साध्या ईएन-8 पोलादाचा केला तर आपल्या पावसाळ्यात महिनाभर मशीन बंद ठेवलं की चाक शाफ्टला गंजून चिकटतं, मग हातोडी घेऊन बसा.

दोन टोकांना दोन-दोन चाकं. तुम्ही समोर बसल्यावर चाकाचा वरचा भाग तुमच्याकडं येत असेल तर डाव्या टोकाचे आटे उलटे पाहिजेत, नाहीतर चालता चालता नट सैल होतो. हे सांगायला विसरू नका, साधा फिटर दोन्हीकडं सरळच आटे पाडतो. शाफ्ट बसवल्यावर डायल गेज (शाफ्ट किती डगमगतो ते मोजणारं साधन) लावून दाखव म्हणायचं, 0.05 मिमीच्या आत फिरला पाहिजे. उद्यमनगरात ह्याला कुणी नाही म्हणणार नाही, त्यांचं रोजचं काम आहे.

मोटर अर्धा एचपी, सिंगल फेज, 1440 वाली, पूर्ण बंद बॉडीची. चाकांच्या खाली ठेवायची नाही, मागं किंवा बाजूला, मध्ये पत्रा आणि बेल्टवर ड्राइव्ह. दोन्ही पुली एकाच मापाच्या. बोर्डावर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग, यात काटकसर अजिबात करू नका, ओल्या हातानं तुम्ही तासन्‌तास तिथं बसणार आहात.

पाण्याला जास्त डोकं लावायची गरज नाही. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणायचा, वर बादली टांगायची, प्रत्येक चाकाला एक नळी, चाकी फिरवून धार कमी-जास्त करता येते. चाकाला टेकून स्पंजचा तुकडा ठेवला की पाणी पूर्ण रुंदीला पसरतं. खालचं पाणी पंपानं परत वर चढवायचं नाही, 80 चा चुरा 1200 वर गेला तर दिवसभराचं काम मातीत.

चाकं कुठली? चारच घ्यायची तर 80 स्टीलचं प्लेटेड, मग रेझिनची 280, 600 आणि 1200. 220 चं स्टील चाक नंतर, लहान खड्यांना तेवढं लागत नाही असं माझं मत, काहीजण भांडतील. शेवटचं पॉलिश चामड्याच्या नाहीतर फेल्टच्या पॅडवर. अकीकाला ओला सेरियम ऑक्साइड चालतो आणि स्वस्त पडतो. डायमंड पेस्ट वापरायची तर डाय बनवणाऱ्यांना जी लागते तीच, टूलरूमचं सामान विकणाऱ्यांकडं मायक्रॉनवर मिळते, 1 मायक्रॉन म्हणजे साधारण आपलं 14000. नवीन 80 चं चाक सुरुवातीला फार बोचरं असतं, एखादा भंगार अकीक त्यावर बराच वेळ घासा, उभे राहिलेले डायमंडचे कण बसले की मग चांगला दगड लावा. सिलिकॉन कार्बाइडची हिरवी दगडी चाकं स्वस्त म्हणून कुणी सुचवेल. ती वाईट नाहीत पण बंद करताना पाण्यात बुडालेली राहिली की एका बाजूला पाणी पितात, दुसऱ्या दिवशी चालू केलं की तोल जाऊन फुटूसुद्धा शकतात. पडवीत पोरंबाळं फिरत असतील तर नकोच.

दगड धरायला लाख. गुजरीत सोनारांना जी लागते तीच, तुम्हाला सांगायला नको. लाकडी काडीच्या टोकाला गरम लाख, दगड तव्यावर हळूहळू कोमट करायचा, गरम दगडावरच लाख नीट चिकटते, पण घाई केली तर अकीक तडकतो. काम झाल्यावर फ्रीजरमध्ये ठेवला की टक करून सुटतो. फिरोजा, ओपल ह्यांना आच नको, त्यांना फेविक्विक आणि नंतर अॅसिटोन.

आता एक गोष्ट जी बघितल्याशिवाय पटत नाही. 280 वरून काढलेला ओला खडा सुंदर दिसतो. पाणी चरे भरून टाकतं, वाटतं झालं. तो फडक्यानं पूर्ण कोरडा करायचा, ट्यूबलाइटखाली धरायचा आणि हळू कलवत घुमटावरनं सरकणारी ट्यूबची रेष बघायची. रेष जिथं अचानक मोडते किंवा तुटक होते तिथं सपाट पट्टा आहे. जिथं रेषेच्या कडेला राखेसारखा धुरकटपणा आहे तिथं 80 चे चरे अजून बसलेत. बऱ्याचदा हे अगदी माथ्यावर असतं, कारण सगळे कडेकडेनं घासत येतात आणि माथा राहून जातो. तसं दिसलं की पुढच्या चाकाला जायचं नाही, मागं यायचं. 80 चा चरा 1200 वर काढायला गेलात तर संध्याकाळ होईल पण चरा जाणार नाही, उलट जास्त चकचकीत होऊन दिसेल. 10 पॉवरची लूप तुमच्याकडं असेलच, ती मशीनशेजारीच ठेवा. आणि चाक बदलताना हात, नखं, काडी, सगळं धुवायचं.

तुम्ही चांदीत बसवणार म्हणून दोन बारीक गोष्टी. खालच्या कडेला साधारण अर्धा मिमीचा तिरका चॅम्फर मारा, नाहीतर बेझल (खड्याभोवतीची चांदीची पट्टी) दाबताना कडेची कपची उडते आणि मग शिव्या दगडाला बसतात. आणि माप आखताना टेम्प्लेट वापरा, 18 बाय 13, 25 बाय 18 ही चालू मापं आहेत, आखायला पेन नको, अॅल्युमिनियमची टोकदार तार घ्या, तिची रेघ पाण्यानं जात नाही. पाठ सपाट करायला वेगळं मशीन नको, जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची 220 ची पूड, पाणी आणि हातानं गोल गोल.

धुळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. अकीक, जास्पर, सगळा क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, आणि सुकी धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस किती आहे हे ह्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कोरडं एक मिनिटसुद्धा नाही, "जरासंच टोक काढायचंय" म्हणूनसुद्धा नाही. पाण्यावर काम केलं तरी फवारा उडतो, मास्क लावा. चिखल वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका, एप्रन घरातल्या कपड्यांत टाकू नका. चिखल मोरीत सोडलात तर पाइपमध्ये दगड होऊन बसतो, बादलीत बसू द्या, वरचं पाणी ओता.

सुरुवात अकीक, जास्पर, कार्नेलियनवर करा. मोह्जच्या मापावर हार्डनेस साडेसहा-सात, सगळीकडं सारखा, चुका सहन करतो, आणि रतनपूर-खंबातकडचा कच्चा माल आपल्या आवाक्यातला असतो. पुण्या-नाशिककडचे झिओलाइट दिसायला भारी, मोह होतो, पण स्टिलबाइट साडेतीन-चार हार्डनेसचा, थरानं सुटतो, अंगठीत टिकणार नाही, शोकेसमध्येच ठेवा. मूनस्टोन, लॅब्राडोराइट दुसऱ्या टप्प्यात, ते ठरावीक दिशेनं चिरतात आणि चमक कुठल्या बाजूनं निघते ते बघून आखावं लागतं. माणिक तर एवढ्यात नकोच, 9 हार्डनेसला रेझिन चाकं बघता बघता संपतात.

राहिला कापायचा प्रश्न, तुम्ही विचारलं होतंत मार्बल कटर चालेल का. हातात धरून अजिबात नाही, तो दहा हजाराच्या वर फिरतो आणि खडा बोटांत धरायचा असतो, पुढं काय होणार ते सांगायला नको. टेबलवाला टाइल कटर, पाण्याचा ट्रे असलेला, त्याला अखंड कडेचं पातळ डायमंड ब्लेड, हे ट्रिम सॉ (दगड कापायची लहान करवत) म्हणून बऱ्यापैकी चालतं, ब्लेडचं भोक जुळतंय का एवढं बघून घ्या. पण तो खर्च चाकांच्या बजेटमधून काढू नका. तोवर खडेवाल्याकडून स्लॅबच कापून मागवा, लहान खड्यांना पाच-सहा मिमी जाडी सांगा, आणि ऑर्डर देतानाच दगडाचे ओले फोटो नको, कोरडे पाठव म्हणा, भेगा त्यातच दिसतात.