एका अवयवाला दोन नावे कशी?

प्रश्न : मूत्रपिंडाच्या संदर्भात कधी ‘रीनल’ हा शब्द वाचायला मिळतो, तर कधी ‘नेफ्रायटिस’ (मूत्रपिंडाचा दाह), ‘नेफ्रॉलॉजी’ (मूत्रपिंडविकारांचे शास्त्र) असे शब्द येतात. अवयव एकच असताना हे दोन उपसर्ग कुठून आले?

उत्तर : ‘रीनल’ लॅटिनमधून आणि ‘नेफ्रो’ ग्रीकमधून आला असून दोन्हींच्या मुळाशी मूत्रपिंड हाच अर्थ आहे. प्राचीन वैद्यकाची परिभाषा प्रामुख्याने ग्रीकमध्ये घडली. दुसऱ्या शतकातील प्रसिद्ध वैद्य गेलेन रोममध्ये राहत असूनही ग्रीकमध्येच लिहीत होता. पुढे युरोपातील विद्यापीठांचा व्यवहार लॅटिनमधून चालू लागला आणि शरीररचनाशास्त्राने अवयवांची नावे त्या भाषेत पक्की केली. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसचा १५४३ मधील प्रसिद्ध ग्रंथही लॅटिनच आहे. त्यामुळे ढोबळमानाने अवयवाचे वर्णन लॅटिनमध्ये आणि त्याचा विकार ग्रीकमध्ये, अशी वाटणी झालेली दिसते. फुफ्फुसाची धमनी ‘पल्मनरी’ असते, पण फुफ्फुसाचा दाह ‘न्यूमोनिया’ ठरतो. ही वाटणी सर्वत्र मात्र टिकत नाही. यकृताचा लॅटिन शब्द ‘येकुर’ मागे पडला आणि ‘हेपॅटिक’ (यकृताचा) व ‘हेपॅटायटिस’ (यकृताचा दाह) हे दोन्ही शब्द ग्रीक ‘हेपार’वरच उभे राहिले. गंमत अशी, की आपला ‘यकृत्’ हा शब्द या दोघांचाही सगोत्र आहे.

काटेकोरपणे पाहिले तर ‘नेफ्रो’ हा उपसर्ग नाही. ते समासातील पूर्वपद आहे. त्याच्या शेवटचा ‘ओ’ केवळ सांधणारा स्वर असल्यामुळे पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की तो गळतो आणि ‘नेफ्रायटिस’ तयार होतो. ‘गॅस्ट्रोएंटेरायटिस’मध्ये मात्र जठर आणि आतडे अशी दोन अवयवपदे जोडली असल्याने पुढे स्वर असूनही ‘ओ’ टिकून राहतो.

खरे उपसर्ग म्हणजे ‘पेरि’, ‘हायपो’, ‘हायपर’, ‘इंटर’ यांसारखे. संस्कृतातील ‘परि’, ‘उप’, ‘उपरि’ आणि ‘अंतर्’ ही अनुक्रमे त्यांची भावंडे होत. हृदयाभोवतीचे आवरण ‘पेरिकार्डियम’, तर दोन बरगड्यांमधला स्नायू ‘इंटरकॉस्टल’. ‘हायपो’ म्हणजे खाली आणि ‘कॉन्ड्रोस’ म्हणजे कूर्चा (मऊ, लवचिक हाड), म्हणून बरगड्यांच्या कूर्चांखालील पोटाचा भाग ‘हायपोकॉन्ड्रियम’ झाला. मनाच्या खिन्नतेचा उगम याच भागात असतो, अशी जुनी समजूत होती. नसलेल्या आजाराची धास्ती घेण्याला ‘हायपोकॉन्ड्रिया’ हे नाव त्यातूनच मिळाले.

अशा शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा मूळ भाषा कोणती हे पाहणे अधिक उपयोगी पडते, कारण नुसते ध्वनिसाम्य फसवे असते. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मधले मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मूल असा आहे, ‘पेडिक्युअर’मधले लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ पाय.