वस्तरा पहिल्यांदाच हातात घेताय? आधी गालच करा
सुरुवातीला फक्त गाल वस्तऱ्याने (सलूनमध्ये असतो तो, ब्लेड बदलायचा) करा, हनुवटी नि ओठावरचं नेहमीच्या रेझरनेच उरका, तिथे कातडी वळते आणि ब्लेडचं टोक रुततं, बहुतेक वेळा कापतं ते टोकच. डबल एज ब्लेड (दोन्ही बाजूंना धार असलेलं) कागदातच लांबीत दुमडून मोडायचं, अर्धंच लागतं, होल्डरमध्ये सरळ बसलंय का उजेडात बघा, तिरकं असेल तर शेव्ह सुरूच करू नका. पात्याचा कातडीशी कोन साधारण 30 अंश, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, केस वाढतात त्याच दिशेने छोटे छोटे स्ट्रोक, आणि जोर शून्य! पात्याच्या धारेच्या रेषेत आडवं कधीच सरकवायचं नाही. म्हापशाच्या सलूनवाल्याचा हात झरझर चालतो ते बघून तसं करायला जाल तर तुरटी घेऊन बसाल (ती तशीही घरात असूदे). आपल्याकडे पावसात हवा एवढी दमट की बाथरूममध्ये काय टिकणार, म्हणून ब्लेड काढून होल्डर कोरडा पुसून बाहेर कपाटात ठेवा. आणि वापरलेलं ब्लेड सुट्टं कचऱ्यात टाकू नका हां, कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात असतात तिथे, जुन्या डब्याला फट पाडून त्यात साठवा.