‘टेबल ठोकून राहिली आहे’ : लेकीच्या तालवाद्य ग्रुपबद्दल

पत्र : सर, माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, नीटचा क्लासही लावला आहे. सात वर्षं तबला शिकते, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली. गणपतीत दोन वर्षं पथकात ताशा वाजवला. आता ज्युनिअर कॉलेजमधल्या पाच जणांनी मिळून फक्त तालवाद्यांचा ग्रुप केला आहे. तबला, ताशा, खंजिरी, काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) आणि एकाचा ड्रमसेट. गाणारं कोणी नाही, पेटी नाही. आठवड्यातून तीनदा मैत्रिणीच्या गच्चीवर जमतात. घरी आली की जेवतानाही टेबल ठोकून राहिली आहे. तबल्याचे गुरुजी म्हणतात हात बिघडेल. तिचे बाबा म्हणतात, ‘बँडवाला व्हायचं आहे का?’ आणि ती स्वतः रडवेली होऊन सांगते की एकेकटे सगळे छान वाजवतात, पण एकत्र बसले की गोंधळ होतो आणि भांडणं होतात. हे शिकवतं कोण? यात करिअर आहे का? की आत्ताच थांबवू? – एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई,

तुम्ही करिअरचं विचारलंत, पण मी आधी त्या गोंधळाबद्दल लिहितो. तो सुटला तर करिअरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घरातच मिळेल.

तुमची लेक ज्याच्या मागे लागली आहे त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. साध्या शब्दांत, खोलीत बसून करायचं संगीत. वादक थोडे, प्रत्येकाचा भाग वेगळा, आणि समोर हातवारे करून सांभाळणारा कोणी नाही. पथकात शंभर ढोल एकच ठेका वाजवतात. त्यातला एक चुकला तर नव्व्याण्णव जण त्याला झाकून घेतात. इथे एका भागाला एकच माणूस. तो चुकला की त्या जागी भोक पडतं आणि ते सगळ्यांना ऐकू येतं. सात वर्षांच्या तबल्यात तिला हे कधी भोगावं लागलं नाही, कारण तबला ती एकटी किंवा लेहऱ्यावर, म्हणजे पेटीवर फिरत राहणाऱ्या एकाच धुनेवर, वाजवत आली. म्हणून एकेकटे छान आणि एकत्र गोंधळ. यात नवल काही नाही, पाचही जणांनी ही विद्या अजून शिकलेलीच नाही, एवढंच.

माझी गंमत सांगतो. कॉलेजात असताना आम्हीही सहा जणांनी असाच ताफा जमवला होता. युवा महोत्सवासाठी आठ मिनिटांचा कार्यक्रम बसवला, घड्याळ लावून. स्टेजवर तो साडेसहा मिनिटांत संपला. एकही बोल आम्ही गाळला नव्हता, फक्त धावलो होतो. आवाज चढला की लय चढते, एकाची चढली की बाकीचे त्याला गाठायला जातात, आणि शेवटी कोण कोणाला पळवतो आहे ते कळत नाही. उतरल्यावर तासभर ‘तू पळवलंस, तू पळवलंस’ चाललं. त्या वेळी कोणी आम्हाला सांगितलं असतं की ‘कोण चुकलं’ हे विचारू नका, ‘कुठून सुटलं’ ते शोधा, तर दोन मैत्र्या वाचल्या असत्या.

शोधण्याचा उपाय फुकटचा आहे. मोबाईल मध्ये ठेवून रेकॉर्ड करायचं आणि लगेच, तिथेच, हातातली वाद्यं खाली ठेवून ऐकायचं. घरी जाऊन एकेकट्याने ऐकलं तर प्रत्येक जण फक्त स्वतःला ऐकतो.

आता एक प्रयोग देतो, तो तिला आजच करायला सांगा. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९७२ मध्ये दोन माणसांसाठी नुसत्या टाळ्यांची एक रचना केली. वाद्य लागत नाही. बारा मात्रांचं चक्र आहे, म्हणजे तिच्या एकतालाएवढं. तीन टाळ्या, एक मात्रा मोकळी. दोन टाळ्या, एक मोकळी. एक टाळी, एक मोकळी. दोन टाळ्या, एक मोकळी. दोघांनी हे सोबत सुरू करायचं. मग पहिल्याने तेच धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने काही आवर्तनांनंतर, म्हणजे चक्राच्या काही फेऱ्यांनंतर, एक मात्रा पुढे सरकायचं. पुन्हा काही आवर्तनं, पुन्हा एक मात्रा. बारा वेळा सरकलं की दोघं परत एकत्र येतात. वाचायला पोरखेळ वाटतो. माझ्या ऑफिसात तबला विशारद झालेल्या एका मुलाला मी ‘धरून ठेवणारा’ केलं होतं. समोरची मुलगी तिसऱ्यांदा सरकली आणि हा बापडा तिच्या मागे निघून गेला. त्याला कळलंसुद्धा नाही, हसत हसत वाजवत होता. सरकणाऱ्याला सगळे दाद देतात, पण अवघड काम धरून ठेवणाऱ्याचं असतं. दुसऱ्याचं नीट ऐकायचं आणि तरी त्याच्यासोबत वाहून जायचं नाही.

पाचही जणांना आळीपाळीने दोन्ही बाजू करू द्या. पंधरा दिवसांत त्यांची भांडणं कमी होतील असं माझं मत आहे. निदान भांडणाचा विषय तरी बदलेल.

आपल्याकडे या मुलांच्या हाताशी एक मोठी सोय आहे, ती त्यांनी वापरावी. आपण बोल तोंडाने म्हणतो, पढंत करतो. वाजवण्याआधी पाचही जणांनी आपापला भाग हातावर टाळी देत म्हणायचा. तोंडाने जमत नाही ते हाताने जमणार नाही. ड्रमसेटवाल्या मुलाला कदाचित लाज वाटेल, पण त्यानेही म्हणायचं. दक्षिणेत तालवाद्य कचेरीत मृदंगम, घटम (मातीचा घडा), खंजिरा, मोरसिंग (तोंडात धरून वाजवायचं) एकत्र बसतात आणि प्रश्नोत्तरं करतात, त्याच्या मागेही ही तोंडपाठाचीच शिस्त आहे. ठरावीक लयीत टिकटिक करणारं मेट्रोनोमचं ॲप आधी मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत लावा, मग त्याचा आवाज एक आवर्तन बंद, एक चालू असं करा. बंद असताना समेवर, म्हणजे चक्राच्या पहिल्या मात्रेवर, पाचही जण एकत्र उतरले की नाही ते ॲप परत सुरू झालं की कळतंच.

दुसरी अडचण आवाजाची. तुमच्या यादीत ताशा आणि खंजिरी शेजारी आहेत! विदर्भात खंजिरीबद्दल मी वेगळं काय सांगावं, तुकडोजी महाराजांनी तिच्या जोरावर गावंच्या गावं जागी केली. पण ताशापुढे तिचं काही चालत नाही. नियम असा करा की ग्रुपमधलं सगळ्यात हळू आवाजाचं वाद्य स्पष्ट ऐकू येईल, तेवढाच बाकीच्यांचा आवाज. ताशावाल्याने काड्या बदलाव्या, कातड्यावर कापड टाकावं. बसायचं अर्धगोलात, प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत. सुरुवात कोण देणार ते आधी ठरवायचं, आणि ती मान हलवून किंवा श्वास घेऊन द्यायची. ‘वन टू थ्री फोर’ ओरडायचं नाही.

बंद खोलीत ताशा वाजणार असेल तर कानात इअरप्लग घालायला लावा, हे मी आईला उद्देशूनच लिहितो आहे. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मोबाईलवर आवाज मोजायची ॲप्स असतात, अंदाजापुरती चालतील. गच्ची त्या मानाने बरी, पण आपल्या मे महिन्यात तिथे वाद्यं ठेवून खाली पाणी प्यायला गेलात तर तबला स्वरात चढलेला मिळेल आणि पावसाळ्यात उतरलेला. शिवाय रात्री दहाच्या आत आटपा, शेजारीही माणसंच आहेत.

शिकवतं कोण, हे विचारलंत. फक्त हेच शिकवणारा एक माणूस मी तुम्हाला दाखवू शकत नाही, तो तुकड्या-तुकड्यांनी जमवावा लागेल. हात गुरुजींकडे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला कोणी तरी वेगळा. इथे तिच्या बाबांच्या टोमण्याकडे येतो. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. लष्करी बँडमधली माणसं कागद वाचून वाजवतात, आणि त्यांचं रीतसर शिक्षण आपल्या शेजारी पचमढीला, लष्कराच्या संगीत विभागात होतं. निवृत्त झालेला एखादा बँडवाला ओळखीतून शोधा. आठवड्यातून एक तास त्याने या पोरांना नोटेशन आणि रोल (काड्यांचा सलग कडकडाट) शिकवला तर त्यांचं भाग्य. ‘बँडवाला’ ही शिवी नाही, हे बाबांना सांगायची जबाबदारी मी तुमच्यावर टाकतो. वायुदल आणि नौदल अग्निवीर भरतीत संगीतकारांच्या वेगळ्या जाहिराती काढतात, तो पर्यायही खराखुरा आहे.

गुरुजींची काळजी मात्र मी उडवून लावत नाही. काड्यांनी तासभर ताशा बडवून लगेच तबल्यावर बसलं की मनगट कडक झालेलं असतं, बोटांना नाजूक काम सुचत नाही. म्हणून तबल्याचा रियाज आधी, सकाळी, ग्रुप संध्याकाळी. आणि गुरुजींना एकदा तालमीला बोलवा, लपवाछपवी नको. झाकिर हुसेन यांनी जगभरच्या तालवादकांसोबत बसून वाजवलं. अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेत ते आणि घटमवाले विक्कू विनायकराम दोघंही होते. त्यांचा तबला काही बिघडला नाही. अर्थात झाकिरभाईंचा हात आधी पक्का झाला होता, हे गुरुजी म्हणतील आणि ते बरोबरच आहे.

काय वाजवायचं? पोरांना लगेच मरिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य, हवा असेल, यूट्यूबवर बघून. तो विसरा, त्या किमतीत गाडी येते. पॅरिसमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत गेलेल्या संगीतकार एडगार व्हारेझ यांनी १९३१ मध्ये तेरा तालवादकांसाठी लिहिलं, तो फार पुढचा टप्पा. जॉन केज यांची १९४० मधली चौघांची एक रचना घरातल्या वस्तूंवर आहे. मासिकं, टेबल, पुस्तकं, जमीन, खिडकीची चौकट. तुमची लेक जेवणाचं टेबल ठोकते त्याला असा इतिहास आहे, हे तुम्हाला आवडणार नाही कदाचित. पाचव्याला पानं उलटायला आणि ऐकून टिपणं घ्यायला बसवा. स्वरलिपी विकत घ्या, झेरॉक्स नको. आणि तीन महिन्यांत एकच रचना. सोबत स्वतःची एक बसवा, एकतालातली, खंजिरीपासून सुरू होणारी. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला १९६२ मध्ये सहा वादकांनी असाच ग्रुप केला, तेव्हा त्यांच्यासाठी लिहिलेलं संगीत फारसं नव्हतंच. संगीतकारांकडून ते लिहवून घ्यावं लागलं.

आता करिअर. सरळ सांगतो. नुसता तालवाद्यांचा ग्रुप करून दरमहा पगार मिळेल अशी नोकरी मी नागपुरात दाखवू शकत नाही. साथसंगत, शिकवण्या, नाटकाचं संगीत, स्टुडिओ, शाळेतली संगीत शिक्षकाची जागा, या सगळ्याची गोधडी शिवून तालवादक जगतात. काही चांगले जगतात. साउंडकडे ओढा निघाला तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे. संगीतातच पदवी करायची तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आणि गांधर्व मंडळाची विशारद परीक्षा तिने सोडूच नये. १८ पूर्ण झाल्यावर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती बघा. १८ ते २५ वयासाठी, दोन वर्षं, महिन्याला ५,००० रुपये. पुढे विद्यापीठात गेली की युवा महोत्सवात फोक ऑर्केस्ट्रा असतो, तिथे या पाच जणांचा पाया कामाला येईल.

नीट सोडायची नाही. पण ग्रुपही थांबवायचा नाही, आणि हे मी मधला मार्ग म्हणून म्हणत नाही. अकरावीत तीनऐवजी दोन दिवस, दीड तास, वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद. बारावीत दिवाळीपर्यंत एक दिवस, नंतर परीक्षा होईपर्यंत बंद. हे वेळापत्रक तिने स्वतः ग्रुपला सांगायचं, तुम्ही नाही. पाच जणांमध्ये तारखा ठरवता येत नसतील तर ताल कुठून ठरणार?

आणि एक करा. येत्या आठवड्यात एका तालमीला जाऊन कोपऱ्यात बसा, बाबांनाही न्या. ती वाजवत असेल तेव्हा बघू नका, छानच वाजवेल, सात वर्षं शिकली आहे. तिचा भाग नसतो त्या सोळा-वीस मात्रांत ती काय करते ते बघा. मोबाईल बघते, पुढचा तुकडा मनात घोळवते, की दुसऱ्याच्या हातांकडे बघत ओठांत मोजत असते? मोजत असेल तर मला पुन्हा लिहा, मग आपण ललित कला केंद्राबद्दल सविस्तर बोलू. जाताना दोन पेन्सिली आणि खोडरबर घेऊन जा. पाच जणांत एकाकडेही नसतो, आणि दर तालमीला दहा मिनिटं तो शोधण्यात जातात.