चित्रकथा वाचताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पन्नाशीत पहिल्यांदाच ग्राफिक नॉव्हेल विकत घेतलं. पावणेदोनशे पानं तासाभरात संपली आणि पैसे फुकट गेल्यासारखं वाटलं. चूक माझी की पुस्तकाची? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: तासाभरात पावणेदोनशे पानं म्हणजे पानाला जेमतेम वीस सेकंद. तेवढ्यात संवादाच्या फुग्यांतली अक्षरं वाचून होतात, चित्र बघून होत नाही. जन्मभर मजकूर वाचलेली नजर आपसूक अक्षरांकडे धावते. दोष तुमचा नाही, सवयीचा आहे, आणि सवय बदलता येते.

आता तेच पुस्तक पुन्हा घ्या. आधी आठ-दहा पानं फुग्यांकडे न बघता फक्त चित्रं पाहत जा: कोण कुठे उभं आहे, कोण कुणाची नजर टाळतंय, उजेड कुठून येतोय. मग तीच पानं मजकुरासकट वाचा. चित्रावरून तुम्हाला जे कळलं होतं आणि शब्द जे सांगतात, त्यात जागोजागी तफावत सापडेल. आई म्हणते 'जेवले मी', आणि चित्रात ताट भरलेलंच असतं. कथा त्या तफावतीत असते.

दुसरी गोष्ट, दोन चौकटींमधली रिकामी पट्टी, म्हणजे गटर. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत बंद दार. मार बसला का, हे चित्रकाराने काढलेलंच नाही. ते तुम्ही मनात काढता. अमेरिकन चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी चित्रकथांवरच्या आपल्या 1993 च्या पुस्तकात एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार मांडले. नवख्याने त्यांतला एक तरी ओळखायला शिकावं: काहीच घडत नाही, नुसती एकाच जागेची अंगं दिसतात. कौलं, मग विहीर, मग वाळत घातलेलं लुगडं. इथे काळ थांबलेला असतो, आणि नेमकी हीच पानं घाईने उलटली जातात. बारीक, उभ्या चौकटी ओळीने आल्या की वेग वाढतो. आडवी, पानभर रुंद चौकट तुम्हाला थांबायला सांगत असते.

सरावासाठी शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' (2006) घ्या. परमुलखात पोटासाठी गेलेल्या माणसाची ही गोष्ट आहे आणि तिच्यात वाचता येईल असा एकही शब्द नाही. तिथली लिपीसुद्धा कल्पित. ज्याच्या घरातलं कुणी आखातात किंवा बोटीवर आहे, त्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. पणजीला जाणं होत असेल तर विकत घेण्याआधी पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा.

प्रश्न: कुठली चौकट आधी वाचायची तेच कळत नाही. संवाद उलटेपालटे होतात आणि चिडून पुस्तक मिटते. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत. घोळ होतो तो बहुधा एकाच ठिकाणी: डावीकडे एकाखाली एक दोन लहान चौकटी आणि उजवीकडे त्या दोघींच्या उंचीची एक. तिथे आधी डावीकडच्या दोन्ही, मग उजवीकडची. चौकटीच्या आत सर्वांत वरचा फुगा आधी; एकाच उंचीवर असतील तर डावीकडचा. फुग्याचं शेपूट बोलणाऱ्याकडे जातं. शेपटाऐवजी लहान गोल असतील तर तो मनातला विचार, आणि चौकोनी पेटीतला मजकूर सहसा निवेदकाचा. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मूळ मांडणीत छापलेला असेल तर उजवीकडून डावीकडे वाचायचा. आपल्याला मागचं वाटतं ते त्याचं मुखपृष्ठ.

हे नियम मोडणारी पुस्तकंही आहेत. डॉ. आंबेडकरांवरच्या 'भीमायन'मध्ये (2011) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चौकटी काढल्याच नाहीत. पान त्यांच्या पारंपरिक दिग्ण्याच्या, म्हणजे घराच्या भिंती-जमिनीवर काढायच्या नक्षीच्या, वळणांनी विभागलं जातं. मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पण हे दुसरं किंवा तिसरं पुस्तक म्हणून घ्या. आणि मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचू नका. पानाची रचनाच हरवते.

प्रश्न: 'माउस' अर्धं वाचलं. ज्यूंच्या संहारासारख्या विषयात उंदीर-मांजरं पाहून राग आला. पुढे वाचावं का? (एक वाचक, साखळी)

उत्तर: वाचावं, आणि राग बाजूला न ठेवता वाचावं. 1940 च्या एका नाझी प्रचारपटात ज्यूंची तुलना उंदरांच्या झुंडीशी केली होती. 'माउस'चे लेखक-चित्रकार आर्ट स्पीगलमन यांनी ज्यूंना उंदीर आणि जर्मनांना मांजरं करून तीच शिवी उचलली आणि तिच्यामागचं माणूसपण दाखवलं. रूपक आपणहून उसवतं, तिकडे लक्ष ठेवा: पुस्तकात पोलिश माणसं डुकरं आहेत, म्हणून पोलिश असल्याची बतावणी करणारा ज्यू डुकराचा मुखवटा बांधतो, दुसऱ्या भागात स्वतः लेखक, माणसाच्या अंगावर उंदराचा मुखवटा लावून चित्रफळ्याशी बसतो. लेखकाच्या वडिलांचं खरं छायाचित्रही तिथेच येतं. दोन्ही भाग (1986 आणि 1991) वाचून झाल्यावरही राग उरला तर तो तुमचा पक्का अभिप्राय समजा. पुस्तकाला मिळालेल्या 1992 च्या विशेष पुलित्झर पुरस्कारापुढे तो कमी पडत नाही. जिथे थांबावंसं वाटलं तो पानक्रमांक आणि एक ओळ चिठ्ठीवर लिहून पुस्तकातच ठेवा. 'आवडलं नाही' एवढं लिहून भागणार नाही. कुठल्या चौकटीने दुखावलं ते लिहा.

प्रश्न: पावसाळ्यात गणेश चवथीपर्यंत रंगीत कॉमिक्सची पानं चिकटून बसतात. (एक वाचक, काणकोण)

उत्तर: गुळगुळीत आर्ट पेपरवर खडूसारख्या मातीचा लेप असतो. तो ओला झाला की मऊ, चिकट होतो आणि वाळताना दोन पानं जोडून टाकतो. वाळून चिकटलेली पानं सहसा सुटत नाहीत. ओढली तर चित्र सोलून निघतं. म्हणून पुस्तक ओलं असतानाच पानापानात बटर पेपर घाला. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवड मिळाल्यावर काढा. उन्हात वाळत घालू नका, रंग उडतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, पुस्तकं उभी आणि सैल. ओल शोषायला कपाटात ठेवलेल्या सिलिका जेलच्या निळ्या खड्यांनी रंग बदलला की ते स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या भांड्यात मंद आचेवर कोरडे करून परत ठेवायचे.