गटात विचारू नका, कागद वाटा

रोल-प्लेइंग खेळात (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे फासे टाकत एकेक पात्र होतात) जातीसारखा विषय घ्यावा का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझं २०१९ सालचं टेबल, म्हणजे खेळाडूंचा गट, डोळ्यांपुढे उभं राहिलं. तुमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, दुष्काळी गावावर बेतलेलं, गावात एकच विहीर, आणि गावाबाहेरच्या वस्तीला पाणी भरू न देणारा पाटील. तुमचा एक मित्र म्हणतो हे सगळं काढून टाक, दुसरा म्हणतो खेळ आहे, कुणी मनावर घेऊ नये. जवळजवळ हेच कॅम्पेन मी चालवलं होतं. ते सहाव्या सेशनला मोडलं, आणि विषयामुळे मोडलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

सेशन झीरो (खेळाआधीची बोलणी करायची बैठक), एक्स-कार्ड (नको तो प्रसंग थांबवायला हात लावायचं कार्ड) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक अशी. सुरुवात करण्याआधी आमच्या व्हॉट्सॲप गटावर मी लिहिलं, ‘गोष्टीत दुष्काळ आहे, जात आहे. कुणाला काही नको असेल तर बिनधास्त सांगा.’ पाच अंगठे आले. मी ती संमती धरली. सहाव्या शनिवारी पाटील मी जीव ओतून उभा केला. विहिरीवर सगळ्यांत आधी पोचलं ते एका मैत्रिणीचं पात्र. पाटलाच्या तोंडून मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, पण ते मी तिच्याकडे बघून बोललो. बाकीच्यांनी वाहवा केली. तिने फासा टाकला, आकडा सांगितला, सेशन पूर्ण केलं. पुढच्या शनिवारी तिला काम निघालं. त्याच्या पुढच्याही.

चार-पाच महिन्यांनी भेटली तेव्हा म्हणाली, ‘विषयाला माझी ना नव्हतीच. पाटलाशी भांडायला मला आवडलं असतं. पण त्या बाजूचं बोलणं माझ्या तोंडावर नको होतं, आणि गटावर तसं लिहायचं म्हणजे मी कोण हे पाच जणांना सांगायचं. ते कधी आणि कुणाला सांगायचं हे तुझ्या खेळानं का ठरवावं?’

हे मला आजही बोचतं. मी वाचलेल्या इंग्रजी सल्ल्यांत ‘मोकळेपणाने बोला’ हाच सूर असतो. आपल्याकडे आडनावावरून घर ओळखतात, तसं नकारावरूनही ओळखतात. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला ज्याला सगळ्यांत जास्त उत्तर द्यायचं असतं तोच गप्प बसतो.

म्हणून आता मी छापील यादी देतो. प्रत्येकाला सारखा कागद, प्रत्येक ओळीपुढे तीन चौकोन: चालेल, पडद्याआड चालेल (घडलं तरी वर्णन नको), नको. फक्त खुणा करायच्या, कारण मित्रांची अक्षरं आपल्याला ओळखू येतात. यादीत लहान मुलांवरचे अत्याचार, जात, दंगल, आत्महत्या हे असतं आणि कोळी, पाली, उंचीची भीती हेही असतं. प्रत्येकाने निदान तीन खुणा करायच्याच, म्हणजे कोरा कागद कुणाचाच नसतो. मग टेबलावर मी सांगतो, ‘या कॅम्पेनमध्ये अमुक नसेल.’ कारण नाही, चर्चा नाही. एक्स-कार्डही ठेवतो. त्याला कारण द्यावं लागत नाही ही मोठी सोय आहे, पण कार्डाला हात कुणाचा लागला हे सगळे बघतात. त्यामुळे दर तासाला चहाची सुट्टी घेतो आणि तेव्हा मला एकट्याला मेसेज करायची मुभा असते.

दुसरं, पाटलाचे शब्द स्वतःच्या तोंडी घेऊ नका. ‘पाटील तुला घाणेरडं बोलतो आणि घागर लाथाडतो’ एवढं पुरतं. प्रसंग बोथट होत नाही, खेळाडूंना उलट विचार करायला जागा मिळते.

आणि पाणी अडवण्यामागे विहिरीतला राक्षस असेल तर तो आधी काढा. माझ्या गोष्टीत होता. शेवटी पाटलाला झपाटलं होतं असं निघायचं, म्हणजे माणसांचं पाप भुताच्या माथी. २०१८ साली ‘व्हॅम्पायर’ नावाच्या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या एका पुस्तकात रशियातल्या चेचन्यामधला समलैंगिकांचा खराखुरा छळ व्हॅम्पायरांच्या कारस्थानाचा भाग म्हणून दाखवला होता. प्रकाशकांना माफी मागून तो भाग काढावा लागला. मी ते वाचलं होतं, नावं ठेवली होती, आणि वर्षभरात तेच केलं.

‘सगळं काढून टाक’ म्हणणाऱ्या मित्राबद्दल. त्या प्रकारानंतर मी घाबरून वर्षभर फक्त गुहा, खजिना आणि ऑर्क (काल्पनिक राक्षसी जमात) चालवले. टेबल कंटाळून पांगलं. शिवाय ऑर्कही काही निर्धोक नाहीत. अख्खी जमात जन्मजात दुष्ट दाखवणं बरोबर नव्हतं, हे २०२० मध्ये डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, यातला सगळ्यांत प्रसिद्ध खेळ) प्रकाशकांनीच कबूल केलं आणि २०२४ च्या नियमपुस्तकातून जमातींसाठीचा ‘रेस’ (वंश) हा शब्द गेला. उलट त्याच खेळाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत धार्मिक मंडळींच्या ओरडीमुळे डेमन आणि डेव्हिल आधी वगळले आणि मग नुसती नावं बदलून परत आणले. प्राणी तेच राहिले आणि नावंही पुढे परत आली. नुसतं नाव बदलून कुणाचं भलं होत नाही, एवढंच म्हणायचंय.

थोडी भडास. एका कार्यक्रमात टेबल लावायचं होतं, आयोजकांच्या अर्जात ‘वादग्रस्त विषय टाळावेत’ अशी एकच ओळ. कोणते, असं तीनदा विचारलं. ‘तुम्ही जाणकार आहात’ हे उत्तर. नंतर एका पालकाने तक्रार केली तेव्हा तीच ओळ मला दाखवली. असा नियम खेळाडूला वाचवत नाही, फक्त नियम करणाऱ्याला वाचवतो. अनोळखी लोकांबरोबर किंवा शाळकरी मुलं असतील तर तुमची विहीर नेऊ नका, तिथे मीही ‘काढून टाक’च म्हणेन.

देवांबद्दल जाता जाता: डी अँड डीच्या १९८० च्या एका अधिकृत पुस्तकात इंद्र, अग्नी, काली यांना हिट पॉइंट (किती मार खाऊन पात्र पडेल तो आकडा) दिलेले आहेत. ते देव इथे देव्हाऱ्यात आहेत. शत्रू म्हणून वापरू नका, असं माझं मत. काहींना हे जास्त वाटेल.

मी कायद्याचा किंवा मानसशास्त्राचा माणूस नाही, नऊ-दहा वर्षं टेबल चालवतोय इतकंच. ती मैत्रीण माझ्या टेबलावर परत आली नाही. तुमचं सेशन झीरो कधी आहे ते कळवा. माझी यादी मराठीत आहे, पाठवतो. तुमच्या गटाप्रमाणे ओळी बदलून घ्या, पण कोळी आणि पाली ठेवा.