फोर्टचे आवार रिकामे करावे का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ किंवा पुण्याचे गणेशखिंडीतले विद्यापीठ मोकळ्या, विस्तीर्ण जागेत वसले. मग मुंबई विद्यापीठच ऐन फोर्टात, न्यायालय आणि बँकांच्या गर्दीत का, हा पहिला. आणि बहुतेक विभाग सांताक्रूझजवळच्या कलिन्याला गेलेले असताना फोर्टची ही मोलाची जागा अडवून ठेवण्यात काय हशील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नीट पाहिले की दुसऱ्याचे बरेचसे त्यातच सापडते, म्हणून थोडा मागे जातो.

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. त्याने शिकवायचे नव्हते. महाविद्यालयांना संलग्नता द्यायची, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढेच त्याचे काम होते. शिकवणे चालायचे एल्फिन्स्टनमध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पुढे पार कराचीपर्यंतच्या महाविद्यालयांत. अशा संस्थेला वसतिगृहे, प्रयोगशाळा, क्रीडांगणे लागत नाहीत; लागते ते एक कार्यालय, एक मोठे सभागृह आणि एक ग्रंथालय. सुरुवातीला तर तेही नव्हते, टाउन हॉलमध्येच भागवले जात असे. १८६२ साली ज्या पहिल्या चौघांनी बी. ए. ची पदवी मिळवली, त्या महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्या विद्यापीठाला स्वतःच्या मालकीचे छप्परही नव्हते.

ते मिळाले दोन योगांमुळे. एक म्हणजे १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले आणि मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशी सार्वजनिक इमारतींची रांग आखली गेली. दुसरा योग कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर आला, आणि त्या पुरात पोहणाऱ्यांचे मुकुटमणी होते प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यायचे ठरले. १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि स्वतः प्रेमचंद बुडाले, पण विद्यापीठाला दिलेली रक्कम शाबूत राहिली. तिच्यावर १८६९ साली मनोऱ्याची पायाभरणी झाली आणि १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फुटांचे काम पुरे झाले. शेजारचे दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या एक लाखाच्या देणगीतून त्याआधीच, १८७४ साली उभे राहिले होते. सट्टेबाजीच्या पैशातून ज्ञानमंदिर उभे राहिले, असे कोणी हिणवले तर मी वाद घालत नाही. पण त्या तेजीत कमावलेला बाकीचा पैसा कुठे गेला, ते शोधून पाहावे.

दोन्ही इमारतींचे आराखडे इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत; फ्रेंच-इटालियन वळणाच्या गॉथिक इमारती त्यांनी तिकडे बसून कागदावर उतरवल्या. पण मान वर करून मनोरा निरखून पाहा, म्हणजे उंचावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे दिसतील. आराखडा परक्याचा असला तरी त्यावर उभी असलेली माणसे इथली आहेत. सभागृहात शिरल्यावर नजर जाते ती बारा राशींच्या रंगीत काचांच्या वर्तुळाकार खिडकीकडे. पदवीदानाच्या दिवशी मागच्या रांगेत बसून मी मुख्य भाषणापेक्षा तिच्याकडेच जास्त पाहत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आता कलिना. विद्यापीठ स्वतः शिकवू लागले, विभाग वाढले, आणि सांताक्रूझ पूर्वेला दोनशेहून जास्त एकरांवर विद्यानगरी वसली. रानडे भवन, टिळक भवन, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, परीक्षा भवन हे सगळे तिकडे आहे. फोर्टला कुलगुरूंचे कार्यालय, प्रशासनाचा काही भाग आणि विधी विभाग उरला. सिंधुदुर्गातून गुणपत्रिकेच्या कामासाठी आलेला विद्यार्थी 'युनिव्हर्सिटी' म्हणून आधी राजाबाई टॉवरच्या फाटकाशी उभा राहतो आणि पहारेकरी त्याला कलिन्याची वाट दाखवतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे. कारभार एका जागी असावा, हा आपला मुद्दा म्हणूनच मला मान्य आहे.

जागा रिकामी करावी, हे मात्र मान्य नाही. विद्यापीठाने शिकवायचे नाही असे जेव्हा ठरले होते, तेव्हा आजूबाजूचे शहर हेच त्याचे आवार बनले आणि ते आजही टिकून आहे. चर्चगेटच्या बाजूला शासकीय विधी महाविद्यालय, सिडनहॅम आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ. काळा घोड्याकडे एल्फिन्स्टन, विज्ञान संस्था, डेव्हिड ससून वाचनालय. त्यापुढे बाबासाहेबांच्या प्रेरणेने १९४६ साली सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय. सकाळी कायद्याचे वर्ग, दुपारी एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये उमेदवारी आणि संध्याकाळी वाचनालय हा दिनक्रम डोंबिवली-विरारच्या मुलांना परवडतो, कारण या साऱ्या जागा एकमेकींपासून पायी अंतरावर आहेत आणि पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांचे शेवटचे स्थानक इथेच आहे. कलिन्याला झाडी आहे, शांतता आहे, पण अशी शेजारपाजारची सोबत नाही.

त्यात उच्च न्यायालयासाठी वांद्र्यात नवे संकुल उभारायचे ठरले आहे. न्यायालय गेले आणि पाठोपाठ विद्यापीठही गेले, तर ओव्हल मैदानाच्या पूर्वेची ती रांग रात्री दिवे सोडून पाहण्यापुरती उरेल. २०१८ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्याचा आनंद आहेच, परंतु युनेस्कोच्या यादीत नाव असले म्हणून इमारत वापरात राहते असे नाही. माझ्या मते फोर्टचे प्रशासन खुशाल हलवावे आणि त्या जागी संध्याकाळचे वर्ग, सार्वजनिक व्याख्याने आणि विद्यापीठाच्या जुन्या कागदपत्रांचे अभ्यासकेंद्र आणावे. ज्या सभागृहाकडे बहुतेक मुंबईकरांनी आयुष्यभर कुंपणाच्या गजांतूनच पाहिले, तेथे त्यांना वर्षातून चार वेळा तरी बसता यावे.

आपल्या मुलीला एम. ए. साठी कलिन्यात प्रवेश मिळाला आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून एक सुचवतो. एखाद्या कामाच्या दिवशी तिला चर्चगेटला उतरवा आणि ओव्हलच्या मधल्या पायवाटेने घेऊन या. दोन्ही बाजूंना क्रिकेट चालू असते, तेव्हा चेंडूकडे लक्ष असू द्या. पायवाट संपता संपता न्यायालय आणि मनोरा दोन्ही समोर येतात.