स्वित्झर्लंडमधल्या ग्लेशियर एक्सप्रेस या आगगाडीच्या वाटेवर आंडरमाट नावाचं गाव लागतं. तिथे उतरण्यासारखं काही आहे का? या गावाचा भूगोल आणि इतिहास काय?

तुम्ही लिहिलंय की त्सेरमाटहून सेंट मॉरिट्झला जाताना मध्ये आंडरमाट येतं आणि टूरवाल्याने “छोटं गाव आहे, विशेष काही नाही” म्हणून विषय संपवला. छोटं आहे हे खरं. वस्ती दीडेक हजार, क्षेत्रफळ ६२ चौरस किलोमीटर, आणि त्यातलाही मोठा भाग नुसता खडक, बर्फ आणि कुरणं. पण “विशेष काही नाही” हे मात्र मला मान्य नाही. मी लुत्सर्नजवळ राहते, सवड मिळाली की तिकडे जाते, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

आंडरमाट समजून घ्यायचं तर आधी शिखरं विसरा आणि घळ बघा. लोक स्वित्झर्लंडमध्ये मान वर करून फिरतात; इथे खाली बघावं लागतं. गाव ऊरी कँटनमध्ये (म्हणजे प्रांतात), उर्सेर्न नावाच्या खोऱ्यात, साधारण १४४० मीटर उंचीवर आहे. खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं आणि तळाशी चक्क सपाट. पश्चिमेला फुर्का खिंड (२४२९ मीटर), पूर्वेला ओबरआल्प (२०४४ मीटर), दक्षिणेला गोटहार्ड (२१०६ मीटर). तिन्ही खिंडी उंच, पण चढायला बऱ्यापैकी सोप्या. उत्तरेला मात्र खिंड नाहीच. तिथे रॉइस नदी ग्रॅनाइट कापत शोलेनेन नावाच्या अरुंद घळीतून खाली ग्योशेनेन गावाकडे कोसळते. म्हणजे खोऱ्याला तीन दारं वरच्या अंगाला, आणि चौथं, ज्यातून पाणी बाहेर पडतं, तिथून माणसाला जाता येत नाही अशी अवस्था होती.

या डोंगरांच्या आजूबाजूलाच चार नद्या उगम पावतात. ऱ्हाइन उत्तर समुद्राकडे जाते, ऱ्होन भूमध्य समुद्राकडे, तिचीनो पो नदीमार्गे एड्रियाटिककडे, आणि रॉइस पुढे आरे नदीमार्फत ऱ्हाइनलाच मिळते. चारही उगमांना जोडणारी पायवाट आहे, चालायला चार-पाच दिवस लागतात. डोंगर चढायची आवड असेल तर जरूर बघा.

शोलेनेन घळ बंद होती तोवर इथला संबंध उत्तरेशी फारसा नव्हता. खोरं पूर्वेकडच्या डिसेंटिस मठाच्या ताब्यात होतं, आणि बाराव्या-तेराव्या शतकात पश्चिमेकडून, फुर्का ओलांडून, वाल्सर लोक इथे येऊन वसले. उंचावर राहायची, उभ्या कड्यावरून पाट काढायची सवय असलेले हे लोक. शोलेनेनमध्ये पहिला पूल १२३०च्या सुमारास झाला तो त्यांच्याच कौशल्यामुळे, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पूल झाला आणि एकदम गोटहार्ड हा इटली ते जर्मनी असा सरळ रस्ता झाला. खेचरांचे तांडे, मीठ, तांदूळ, वाइन, चीज, यात्रेकरू, सैन्य, सगळं या गावातून जाऊ लागलं.

नुसत्या पुलाने भागत नव्हतं. पुलाच्या वरच्या अंगाला घळीची भिंत इतकी उभी होती की तिला साखळ्यांनी लाकडी फळ्या टांगून चालायची सोय केली होती. खाली रॉइस उसळतेय, वर तुषार, पायाखाली ओल्या फळ्या आणि पुढे लादलेलं खेचर. पुरात ती वाट वाहून गेली की पुन्हा बांधायची. शेवटी १७०७-०८मध्ये पिएत्रो मोरेत्तिनी नावाच्या तिचीनो प्रांतातल्या अभियंत्याने खडकच फोडला आणि ६४ मीटरचा बोगदा काढला. ऊर्नरलोख म्हणतात त्याला. आल्प्समधला रस्त्यासाठी काढलेला हा पहिला बोगदा. आज तो मोठा करून वापरतात, गाडीने गेलात तर काही सेकंदांत संपतो. मी मात्र चालत जायला सांगेन. घळीतला तो गडगडाट मागे पडतो, बोगद्यातून बाहेर येता आणि समोर एकदम सपाट हिरवं मैदान. जुने प्रवासी या बदलाबद्दल का भरभरून लिहायचे ते तिथे कळतं.

पुलाची गोष्ट तर सांगायलाच हवी. ऊरीच्या लोकांना काही केल्या पूल बांधता येईना. कुणीतरी वैतागून म्हणालं, “सैतानानेच बांधावा आता!” सैतान हजर. अट एकच: पुलावरून जो पहिला जाईल त्याचा आत्मा माझा. पूल झाला, आणि गावकऱ्यांनी पुढे हाकलला बोकड. सैतान भडकला, पूल फोडायला भलामोठा दगड घेऊन निघाला. वाटेत दम खायला टेकवला तेवढ्यात एका म्हातारीने त्याच्यावर क्रूस कोरला. मग काय, तो दगड त्याला उचलेना. तो दगड आजही ग्योशेनेनजवळ आहे. आणि खरी गंमत पुढे आहे: १९७७मध्ये महामार्गाच्या आड आला म्हणून हा २२० टनी दगड सरकारने १२७ मीटर बाजूला सरकवला. सैतानाला जमलं नाही ते रस्ते खात्याने केलं.

आज तिथे पूल एकावर एक दिसतात. १५९५चा दगडी पूल १८८८मध्ये कोसळला. १८३०चा पूल शाबूत आहे, त्यावरून चालता येतं. त्याच्या डोक्यावर १९५८चा, गाड्यांसाठीचा. शेजारच्या कड्यावर हाइनरिख डानिओट या चित्रकाराने १९५०मध्ये रंगवलेला लाल सैतान आणि त्याचा बोकड आहे. ग्योशेनेनच्या आगगाडीच्या खिडकीतून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर निघून जातो, म्हणूनही चालतच जा म्हणतेय.

त्याच घळीत कड्यात कोरलेला एक बारा मीटर उंच क्रूस आणि रशियन अक्षरं दिसतील. २५ सप्टेंबर १७९९ रोजी सत्तरीला टेकलेला रशियन सेनापती सुवोरोव इटलीतून गोटहार्ड ओलांडून इथे पोहोचला आणि पूल अडवून बसलेल्या फ्रेंचांशी इथे लढाई झाली. फ्रेंचांनी पुलाचा भाग तोडला होता. अधिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यांनी ओंडके बांधून रशियन पार झाले अशी कथा सांगतात. सुवोरोवची खरी फजिती पुढे झाली. घळ जिंकून तो खाली आल्टडॉर्फला उतरला, तर पुढे लुत्सर्न सरोवराच्या काठाने रस्ताच नव्हता! तो रस्ता १८६५मध्ये झाला. बिचाऱ्याला दमलेलं सैन्य घेऊन पुन्हा डोंगर चढावे लागले. स्मारक १८९८चं, आणि त्यासाठीची जागा रशियाला खोऱ्याच्या कॉर्पोरेशनने दिली.

हे कॉर्पोरेशन म्हणजे महानगरपालिका नव्हे, आणि खोऱ्याचा सगळ्यात विलक्षण भाग मला तोच वाटतो. आंडरमाट, होस्पेन्टाल आणि रेआल्प या तीन गावांच्या मूळ रहिवाशांची ही सामाईक संस्था. खोऱ्यातली बहुतेक जमीन, कुरणं, जंगल तिच्या मालकीचं. १३८२मध्ये राजा वेन्झेलकडून त्यांना थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या अखत्यारीतला दर्जा मिळाला, १४१०मध्ये त्यांनी ऊरीशी कायमचा करार केला, आणि १६४९मध्ये डिसेंटिस मठाचे उरलेसुरले हक्क पैसे मोजून सोडवून घेतले. ऊरीत सामील झाले, पण कुरणं आपल्याकडेच ठेवली. खोऱ्याची ग्रामसभा अजून भरते.

याच लोकांनी १३९७मध्ये एक पत्र लिहून ठेवलं. गावाच्या डोक्यावर गुर्शेनच्या उतारावर त्रिकोणी आकाराचं जंगल आहे, त्यातलं लाकूड कुणी तोडायचं नाही, फांद्यासुद्धा न्यायच्या नाहीत. धार्मिक कारण नाही, देवराई वगैरे नाही. बाकी सगळं खोरं लोकांनी आधीच बोडकं केलेलं होतं, आणि हा एक तुकडा गेला तर बर्फाचे लोट थेट घरांवर येणार हे त्यांना कळलं होतं. स्टेशनवरून बघा, उघड्या उतारावर तो गडद हिरवा त्रिकोण लगेच ओळखू येतो, आणि गावची जुनी घरं बरोब्बर त्याच्या आडोशाला दाटीने उभी आहेत. तरी संरक्षण पुरं पडतंच असं नाही. जानेवारी १९५१मध्ये तासाभरात सहा हिमलोट गावावर आले आणि १३ माणसं गेली. आता वरच्या उतारांवर बर्फ अडवणारी कुंपणं रांगेने दिसतात.

एकोणिसावं शतक भराभर सांगते. १८३०मध्ये गोटहार्डवरून घोडागाडीचा रस्ता झाला, टपालगाड्या सुरू झाल्या, हॉटेलं उभी राहिली. मग १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत ग्योशेनेन ते ऐरोलो असा १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खणला गेला. दोनशेच्या आसपास कामगार मेले, बहुतेक इटालियन. १८७५च्या संपात चौघांना गोळ्या घातल्या. कंत्राटदार लुई फाव्र स्वतः १८७९मध्ये बोगद्यातच कोसळून गेला. हा बोगदा आंडरमाटच्या बरोबर खालून, सुमारे ३०० मीटर खोलीवरून जातो. ज्या वाटेवर गाव जगत होतं ती वाट गावाच्या पायाखालून निघून गेली, आणि वर कुणाला पत्ताही लागला नाही. टपालगाड्या बंद पडल्या.

गाव मेलं नाही, कारण १८८०च्या दशकात लष्कर आलं. गोटहार्डभोवती डोंगर पोखरून किल्ले बांधले गेले, दुसऱ्या महायुद्धात तर हा स्विस बचावाचा गाभा होता. शंभरेक वर्षं बराकी हाच गावचा मोठा रोजगार. ग्योशेनेनहून वर येणारी दातेरी रुळांची गाडी १९१७मध्ये सुरू झाली. उटीची गाडी ज्यांनी पाहिलीय त्यांना तो मधला दातेरी रूळ ओळखीचा वाटेल, कारण दोन्हीकडे पद्धत तीच, आब्ट नावाच्या अभियंत्याची. फुर्का-ओबरआल्पची सलग रेल्वे १९२६ची, आणि तुमची ग्लेशियर एक्सप्रेस १९३०ची. तेव्हा ती फक्त उन्हाळ्यात धावायची. फुर्काकडचा एक पूल दर हिवाळ्याआधी चक्क दुमडून ठेवायचे, नाहीतर हिमलोटाने गेलाच म्हणून समजा. १९८२मध्ये फुर्काखालून बोगदा झाल्यावर गाडी बारमाही झाली.

आणि मध्यंतरी हे गाव नकाशावरून जाणारच होतं. सपाट तळ आणि बाहेर पडायला एकच अरुंद घळ. धरणवाल्याला याहून काय हवं? १९२०पासून ऊर्नरलोखपाशी भिंत घालून अख्खं खोरं, तिन्ही गावांसकट, बुडवायचा बेत घोळत होता. युद्धकाळात त्याला पुन्हा जोर आला. फेब्रुवारी १९४६मध्ये त्या प्रकल्पाच्या कामासाठी आलेल्या अभियंत्याला गावकऱ्यांच्या जमावाने मारहाण करून खोऱ्याबाहेर हाकलला. आपल्याकडे मुळशीचा सत्याग्रह १९२१चा, सेनापती बापटांनी जीव पणाला लावला, तरी धरण झालंच. इथे झालं नाही. मला यात शौर्यापेक्षा जमिनीची मालकी महत्त्वाची वाटते: शेकडो वर्षांची संस्था जमीन विकायला तयार नव्हती, आणि तिला डावलून पुढे जाणं सोपं नव्हतं. अर्थात वीज कुठूनतरी यायचीच होती. शेजारच्या ग्योशेनेराल्पमध्ये धरण झालं, तिथली छोटी वस्ती पाण्याखाली गेली. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

शीतयुद्ध संपलं, लष्कराने गाशा गुंडाळायला सुरुवात केली, नोकऱ्या गेल्या. १९८०मध्ये गोटहार्डचा रस्त्याचा बोगदाही झालेला, त्यामुळे गाड्याही खालूनच. २०१६पासून ५७ किलोमीटरचा नवा रेल्वे बोगदा त्याहूनही खालून जातो. अशा वेळी, २००५च्या सुमारास, इजिप्तचे उद्योगपती समीह साविरिस इथे आले. लष्कराच्या जुन्या मैदानावर हॉटेलं, शेकडो सदनिका आणि गोल्फ कोर्स असा बेत. परदेशी माणसाला घर विकण्यावर स्वित्झर्लंडमध्ये कडक बंधनं आहेत. केंद्र सरकारने या प्रकल्पाला त्यातून खास सूट दिली, आणि २००७मध्ये गावाने प्रचंड बहुमताने होकार दिला. चेडी हे पंचतारांकित हॉटेल २०१३ अखेरीस उघडलं. २०१९मध्ये संगीत सभागृह झालं. मुळात ती तळघरातली परिषदेची जागा होती, छत उचलून काचा लावल्या. २०२२मध्ये स्कीच्या डोंगरातला ५५ टक्के वाटा अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्सने घेतला.

हे बरं झालं की वाईट, यावर गावात दोन्ही मतं ऐकू येतात. माझं मत विचाराल तर नवा भाग मला आवडत नाही: इमारती नीटनेटक्या आहेत, पण बऱ्याच खिडक्या ऑफ सीझनला अंधारात असतात. पण शाळा चालू राहायला मुलं लागतात, आणि मुलांच्या आईबापांना नोकऱ्या. बाहेरून येऊन गाव जुनंच राहावं म्हणणं सोपं आहे.

तर उतरा. दोन-तीन तास पुरतात. स्टेशनवरून गावची मुख्य गल्ली बघत होस्पेन्टालच्या दिशेने थोडं जा, मागे वळून त्रिकोणी जंगल बघा, मग उलट दिशेला ऊर्नरलोखवरून सैतानाच्या पुलापर्यंत चालत जा. अर्धा तास धरा. पुलापाशी उन्हाळ्यातही तुषारांनी ओलं व्हायला होतं, जॅकेट असू द्या. एकच अडचण: ग्लेशियर एक्सप्रेसला आरक्षण सक्तीचं आहे, त्याच आरक्षणावर मध्येच उतरून पुढची पकडता येत नाही. पण त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्या साधारण तासातासाला धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही, आणि स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीटही नको. टूरवाला हे आपणहून सांगणार नाही.